पोकळ नळ्या, भरीव खिळे

मी, खाली सही करणारी, वयाने सत्तरी ओलांडलेली, अविवाहित, धंदा कुरणे व हिरवळी मोकळ्या करून देण्याचा, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, सही माझीच आहे, आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. ज्याने भरीस घालायचा प्रयत्न केला त्याला काय लिहून हवे होते ते पुढे येईलच. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे डोके ठिकाणावर आहे का हे पाहायला त्यांनी विचारले, "बाई, आपण आत्ता कुठे बसलोय?" मी म्हणाले, "तुमच्या दवाखान्यात. बाहेरच्या लॉनवर लोक गाड्या लावतात, म्हणून ते मेलंय." त्यांनी लगेच दाखला दिला.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे धाकट्या भावाला दिले होते. ते मी फाडले आहे. त्याची प्रत कोणाच्या कपाटातून निघालीच, तर ती रद्दी समजावी.

घराबाबत. दोन खोल्या, मोरी आणि मागची पत्र्याची शेड. वडिलांनी हयातीतच हे माझ्या नावावर केले. भावाने तेव्हा आनंदाने संमती दिली, कारण शेडमधल्या ग्रीसच्या वासाने त्याला मळमळायचे. हे घर शेडसह माझ्या पश्चात दूधवालीला मिळावे. दूधवाली म्हणजे पाण्याच्या टाकीमागे जिचे कुरण आणि गोठा आहे ती. ती आमच्या नात्यातली नाही. आमचे रोज भांडण होते. तरी तिलाच का, हे कोर्टात कोणी विचारील म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा धंदा असा. गुरांचे खूर, माणसांचे पाय, गाड्यांची चाके एकाच जागी पडत राहिली की माती दबते. दबता दबता इतकी आवळते की पाणी आत जात नाही, हवा जात नाही, आणि गवताची मुळे घुसमटून मरतात. वडिलांनी त्यासाठी एक यंत्र बनवले. जाड लोखंडी रूळ आणि त्यावर पोकळ नळ्या. रूळ फिरला की नळ्या जमिनीत घुसतात आणि मातीची बोटभर कांडी उपटून बाहेर टाकतात. जमिनीला भोके पडतात, तिला श्वास मिळतो. बाहेर पडलेल्या कांड्या पाऊस-उन्हाने आपोआप विरघळतात. त्या उचलायच्या नाहीत. एवढेच शास्त्र आहे.

पण तेवढेही लोकांच्या पचनी पडले नाही. बंगल्यांच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या बाईंनी काम झाल्यावर व्हरांड्यातून पाहिले आणि नाकाला पदर लावला. "अहो, हे काय करून ठेवलंत? गावभरच्या कुत्र्यांनी येऊन घाण केल्यासारखं दिसतंय!" मी सांगितले की माती आहे, तुमच्याच बागेतली. त्या म्हणाल्या, "माझ्या बागेत अशी माती नाही." मैदानाच्या क्लबच्या सेक्रेटरींनी तर रातोरात माणसे लावून सगळ्या कांड्या झाडून घेतल्या आणि कचऱ्यात टाकल्या. मला त्या दोघांची तेव्हापासून किळस आहे, ती मेल्यावरही राहील. दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळू नये. त्यांची तशी अपेक्षाही नसणार, पण लिहिलेले बरे.

मला गिऱ्हाइकांनी टोचणीबाई हे नाव ठेवले. यंत्रामुळे की जिभेमुळे, ते मी कधी विचारले नाही.

भावाबाबत. वडील गेल्यावर भाऊ शेडमध्ये पहिल्यांदा आला तो इस्त्रीच्या शर्टात. म्हणाला, "ताई, लोकांना भोकं हवीत, पण घाण नको. मग आपण घाण काढायचीच कशाला?" त्याने नवे यंत्र आणले. त्यात पोकळ नळ्यांच्या जागी भरीव खिळे होते. खिळा टोचला की भोक दिसते, माती बाहेर येत नाही. सगळे चकाचक. मी त्याला शेडमधल्या परातीत ओली चिकणमाती घेऊन दाखवले. बोट खुपसले, काढले, आणि भोक सुरीने उभे कापले. आतली भिंत गिलावा केल्यासारखी गुळगुळीत झाली होती. "बघ," मी म्हणाले, "माती गेली कुठे? बाजूला दडपली. म्हणजे होती त्याहून घट्ट. हे मोकळं करणं नाही, हे ठेचणं आहे."

तो म्हणाला, "परातीत कोण लॉन लावतं?"

पुढे त्याने बाजारात ऑफिस थाटले आणि कामगारांना हिरवे गणवेश दिले. मग एक सुगंधी पाणी काढले. काम झाले की ते लॉनवर फवारायचे, म्हणजे मालकाला ताजेतवाने वाटते. गवत सुकले असेल तर त्यात हिरवा रंगही मिसळायचा. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. मेलेल्या गवताला रंग फासून अत्तर लावायचे, आणि त्याला वडिलांच्या नावाची पाटी! त्या गोड वासाने मला आजही ओकारी येते. त्याच्या या पाण्याचा एक अर्धा डबा माझ्या शेडमध्ये राहिला आहे. तो त्याचा त्याला परत द्यावा. माझ्या मिळकतीतून भावाला मिळणारी वस्तू ही एवढीच.

कुरणाबाबत. दूधवालीने आमच्या पाटीवर विश्वास ठेवून बोलावले. तिच्या कुरणावर गाई फिरून फिरून फाटकाजवळची जमीन दबली होती. काम लहान होते. भाऊ भर पावसाळ्यात, जमीन चिखल असताना, ट्रॅक्टरला खिळ्यांचे यंत्र जोडून गेला आणि सगळे कुरण तुडवून आला. वाफसा येईपर्यंत थांब, जमीन हातात भुसभुशीत तुटायला लागली की जा, असे मी दारात उभी राहून सांगितले होते. तो म्हणाला, "गणवेशातली माणसं बसवून ठेवू का?"

त्यानंतर पाणी मुरेना. उरलेला सगळा पावसाळा कुरणात पाणी तुंबले. मी गेले तेव्हा वास टाकीच्या वळणावरच आला, नासलेल्या अंड्यांचा. गवत कुजून काळे झाले होते. बोटभर खाली माती निळसर करडी आणि बुळबुळीत, हाताला लागली की साबणानेही वास जाईना. गाई त्यातच उभ्या. त्यांच्या खुरांच्या बेचक्यात सडल्यासारखे झाले होते, माश्या उठत नव्हत्या. जनावरांच्या डॉक्टरांनी खूर खरवडले तेव्हा त्यांनीसुद्धा तोंड फिरवले. तिची सगळ्यांत दुभती गाय उठेना झाली. शेवटी तिला मरणाचे इंजेक्शन द्यावे लागले. दूधवाली तिच्या मानेवर हात ठेवून बसली होती आणि डॉक्टरांना शिव्या देत होती, कारण दुसरे कोणी समोर नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या ऑफिसात आली. दुधाच्या किटलीत तिने कुरणातली माती भरून आणली होती. ती तिने भावाच्या काचेच्या टेबलावर उपडी केली.

"वास घ्या," ती म्हणाली.

भावाने खिशातून घडीचा रुमाल काढला, नाकाला लावला आणि रुमालातूनच म्हणाला, "बाई, यंदा पाऊस जास्त झाला. त्यात तुमच्या गाई वजनदार. आम्ही काय करणार?"

मी त्याच्याकडे पाहिले. तो माझा भाऊ, मी त्याला कडेवर घेऊन फिरवलेले. मला त्या मातीची शिसारी आली नाही तेवढी त्याच्या रुमालाची आली. मी टेबलावरची माती हातांनी किटलीत भरली, दूधवालीला म्हणाले, "चला," आणि जी बाहेर पडले ती त्या ऑफिसात परत गेले नाही.

कुरण सुधारायला वर्षे गेली. आधी उताराला चर खणून पाणी काढले. गाई बाहेर बांधल्या आणि त्यांना चारा विकत आणावा लागला, त्यावरून दूधवाली रोज माझे डोके खायची. वाफसा आला की मी वडिलांचे जुने यंत्र ओढत न्यायची. जिथे ते घुसत नव्हते तिथे चार दातांच्या फावड्यावर पाय देऊन उभी राहायची, दांडा मागे रेलायची, जमीन किंचित उचलली की सोडून द्यायची. जमिनीला उचकी लागल्यासारखा आवाज यायचा आणि आतून तोच घाणेरडा वास. मग भोकांत कुजलेले शेणखत झाडून भरायचे. एकदा दमून बसले होते. म्हणाले, "दुसरी कोणी असती तर आभार तरी मानले असते."

"कशाचे?" दूधवाली म्हणाली. "तुमच्या भावाची घाण तुम्ही उपसताय. उपकार नाही करत."

ते खरेच होते. मी उठले आणि कामाला लागले. त्या बाईने माझ्याशी एकदाही गोड बोलून दाखवले नाही, आणि माझी दुपारची भाकरी एकदाही चुकवली नाही. भावाचे नेमके उलटे.

हळूहळू पाणी मुरू लागले. एका पावसाळ्यात रात्रभर कोसळून गेल्यावर सकाळी आम्ही पाहतो तर कुरणात एकही डबके नाही. माती काळी, वासाला गोड, आणि तिच्यात गांडुळे वळवळत होती. दूधवालीने एक उचलून तळहातावर घेतले आणि म्हणाली, "शी!" मग अलगद खाली ठेवले. गवत गुडघ्याला लागले तेव्हा गाई आत सोडल्या.

यंत्राबाबत. वडिलांचे पोकळ नळ्यांचे यंत्र, चार दातांचे फावडे, कानस आणि ग्रीसचा डबा दूधवालीला. नळ्यांना धार ठेवावी. ओल्या जमिनीवर यंत्र नेणाऱ्याला ते कोणी उसने देऊ नये, मग तो कोणीही असो. बँकेत जे काही असेल ते चर साफ ठेवायला आणि गाईंना वापरावे.

आता पाटीबाबत. गेल्या महिन्यात मी दवाखान्यातून परत येताना चौकात मोठा फलक पाहिला. भावाच्या कंपनीचा. त्यावर हिरवेगार कुरण आणि मध्यभागी एक शिंग मोडलेली तांबडी गाय. ती दूधवालीची गाय मी ओळखते, तिने मला दोनदा लाथ मारली आहे. खाली लिहिले होते, 'आमच्या कामाचा नमुना'. मी रिक्षा थांबवली आणि उतरून रस्त्याच्या कडेला खरोखर ओकले. रिक्षावाल्याला वाटले औषधाने झाले.

दोन दिवसांनी भाऊ भावजयीला घेऊन आला. फळांची करंडी, आणि फळांखाली कागद. वडिलांच्या नावाची पाटी कायद्याने आम्हा दोघांची आहे. त्याला आता मोठ्या मैदानांचे काम मिळते आहे, त्यासाठी माझा अर्धा हक्क त्याला लिहून हवा होता.

मी विचारले, "ते कुरण तू केलंस?"

"ताई, आपल्या घराण्याने केलं ना? तू काय नि मी काय!"

"त्या कुरणाची गाय तू मारलीस."

भावजय खिडकीबाहेर पाहत होती. भाऊ घड्याळ पाहत होता. माझी तब्येत कशी आहे हे दोघांनी अजून विचारले नव्हते. मी कागद त्याच्या हातात परत दिला. तेव्हा त्याचा आवाज चढला. "एका गवळणीसाठी सख्ख्या भावाला तोडतेस? मेल्यावर उचलायला कोण येणार आहे तुझ्याकडे? सांग ना, कोण येणार?"

खरे सांगायचे तर तोच प्रश्न मीही बरेच दिवस स्वतःला विचारत होते.

माझे दूध ओतून दूधवाली मागच्या दाराशी किटली धूत होती. ती तशीच, ओल्या हातांनी, आत आली.

"मी येईन," ती म्हणाली. "आधी दूध घालून येईन, मग येईन."

भाऊ करंडी घेऊन गेला.

म्हणून पाटीवरचा माझा अर्धा हक्क मी दूधवालीला देते. भावाला सही हवी असेल तर त्याने गोठ्यात जाऊन तिच्याकडे मागावी. ती देणार नाही, पण तिथे त्याला रुमाल लावता येणार नाही, कारण येईल त्याला ती हातात शेणाची पाटी देऊन उभे करते.

माझ्या प्रेताबाबत, आणि हे शेवटचे. घाई करू नये. मी पहाटे गेले तरी सकाळी उचलू नये. भाऊ आला तर त्याला बसू द्यावे, पण त्याच्या सांगण्यावरून निघू नये. दूधवालीचा रतीब घालून होईपर्यंत, ती हातपाय धुऊन येईपर्यंत, सगळ्यांनी थांबावे. तिला उशीर होईल. होऊ द्यावा.

वरील मजकूर मी वाचला, तो मला समजला, आणि त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.

सही: मृत्युपत्र करणारी (टोचणीबाई)

आम्हा दोघांसमक्ष तिने सही केली आणि तिच्यासमक्ष आम्ही:
साक्षीदार: शेजारचे घड्याळजी
साक्षीदार: जनावरांचे डॉक्टर

(दूधवालीलाही साक्षीदार म्हणून सही करायची होती. जिला मिळकत मिळते तिला ते चालत नाही, हे समजावून सांगितले. तिला पटलेले नाही.)

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावरचाच