झोळीचं वजन

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुझी आठवण आली ती परदेशात, भर बैठकीत. मी परराष्ट्र खात्यात लागले, हे तुला ठाऊकच नाही. दुसऱ्या देशांशी बोलणी होतात, त्यांची टिपणं मी लिहिते. सध्या व्यापाराचा करार चाललाय. काल समोरचे म्हणाले, तुमच्या डोंगरातली पोरं उपाशी आहेत, आधी त्यांचं सांगा. त्यांना पोरांचा कळवळा किती आणि स्वतःच्या मालाची काळजी किती, देव जाणे! उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आणि आपल्या डोंगरातल्या मोलगीचा दवाखाना डोळ्यांपुढे आला. तू तिथली नर्सबाई, मी आठ-नऊ वर्षांची. बाजाराचा दिवस आहे, पोरांची वजनं बघायला परदेशी पाहुणे आलेत. लिंबाला वजनाचा ताणकाटा टांगलाय, झोळीत एक पोर, मान एका बाजूला कललेली. दवाखान्याचे साहेब तुझ्या कानाशी येतात, "बाई, आजच्या दिवस झोळीचं वजन वजा करू नका." तू पोर तिच्या आईकडे देतेस, रिकामी झोळी काट्याला लावतेस, वजा करतेस आणि उरलेला आकडा पाहुण्यांदेखत पाटीवर लिहितेस. "पाव्हना येल शेतस म्हनीसन पोर जाडी व्हस का, साहेब?" साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. महिन्याभरात तुझी बदली झाली. सामान बांधताना मी चिडून म्हटलं, एक दिवस नसती केली वजा तर काय बिघडलं असतं? "तू बी तसंच म्हनी ऱ्हायनी?" एवढंच म्हणालीस, आणि माझ्या हातातली दोरी घेऊन सामान स्वतःच बांधलंस.

इथे 'आहे'ला 'शे' म्हणणारं कुणी नाही, माय. जेवायलाही एकटीच बसते. फार एकटं वाटतं.

तर उत्तर. मी लिहिलं, हा आमचा घरचा प्रश्न आहे आणि परिस्थिती समाधानकारक आहे. गेल्या दिवाळीत मी मोलगीला जाऊन आले होते, तशाच कललेल्या माना बघून आले होते. पोरं उपाशी आहेत, पण त्यांच्या नावावर सौदा करू नका, असंही लिहिता आलं असतं. सुचलंही होतं.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? घडी करून बॅगेत ठेवते. पण एक सांगून टाकते. माझ्या कानाशी कुणी आलं नव्हतं, माय. मी आपणहूनच झोळी वजा केली नाही. आमचे साहेब म्हणाले, "छान लिहिलंय," आणि मला बरं वाटलं.