मामाचा सल्ला

लेमविग, ३ सप्टेंबर १९९४

ती. टॉर्किलदादास,
रांगन्हिल्डचा नमस्कार.

तू पाठवलेली खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी दोन दिवसांत फस्त झाली! पण आज लिहिते ते वेगळ्याच कारणाने. काल सिसेलच्या कोटात सिगारेटचं पाकीट सापडलं, आणि तोंडाला बिअरचा वास. पंधरा वर्षांची पोर, दादा! बाबांना दारूने कसं नेलं, ते आपण दोघांनी पाहिलंय. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर ओठ शिवल्यासारखी गप्प. मला तर तिच्या वर्गातल्या, बेकरीवालीच्या जानिकेचाच संशय येतो. सुट्टीत तुझ्याकडे बेटावर सिसेल किती शहाण्यासारखी राहिली होती! काय करू, तूच सांग. तुझं ती ऐकते.

तुझी माया आहेच, ती राहू दे.
रांगन्हिल्ड

साम्सो बेट, ८ सप्टेंबर

चि. रांगन्हिल्डला आशीर्वाद.

एवढी घाबरू नकोस, तू लहानपणापासूनच भित्री! माझ्याकडे तर तिने सरबतापलीकडे काही घेतलं नाही. तुझा संशय बरोबर दिसतो. त्या जानिकेची संगत तोड, पोर आपोआप ताळ्यावर येईल.

सिसेलला गोड पापा.
टॉर्किल

लेमविग, १९ सप्टेंबर

मामा,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. आईने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. म्हणे सरबत! सुट्टीत तुझ्या होडीवर बिअरची पहिली बाटली तूच उघडून दिलीस. आता मोठी झालीस, मामाला सोबत कर, म्हणालास. सिगारेटही तुझीच. मला ठसका लागला तेव्हा हसून पाठ थोपटलीस. हे आपल्या दोघांतच, असं म्हणालास, म्हणून मी आईचा मार खाल्ला पण तुझं नाव घेतलं नाही.

शनिवारी आई बेकरीत गेली आणि भर गिऱ्हाइकांत जानिकेच्या आईला म्हणाली, की तुमच्या कार्टीने माझी मुलगी नासवली. जानिके तिथेच पाव मांडत होती. तिने आजवर सिगारेट हातातसुद्धा धरलेली नाही. उलट मलाच झापायची. आता ती वर्गात माझ्या शेजारी बसत नाही.

हे पत्र तुला मिळेल तोवर मी आईला सगळं सांगितलेलं असेल.

सिसेल

लेमविग, २ ऑक्टोबर

दादा,

तुझं माफीचं पत्र पोचलं. एकट्याने प्यायचा कंटाळा आला होता, पोर हौसेने बसायची, असं लिहितोस. एकटेपणा मला कळतो रे. पण माझं पत्र समोर ठेवून, बाबांचं नाव त्यात वाचून, तू शांतपणे लेखणी उचललीस आणि दुसऱ्याच्या मुलीवर ढकललंस. ते मला गिळवत नाही. आणि मी? स्वतःच्या मुलीवर हात उचलला, पण तुझ्यावर शंका घेतली नाही.

आठवड्यापूर्वी सिसेलला घेऊन बेकरीत गेले, मुद्दाम गर्दीच्या वेळी. सगळ्यांसमोर माफी मागितली. जानिकेच्या आईने ऐकून घेतलं, राय धान्याचा काळा पाव पिशवीत घातला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. जानिके आत निघून गेली. सिसेल आता रोज शाळेतून तिच्यामागे दहा पावलांवरून चालत येते. जवळ जायचा धीर होत नाही. सिगारेट अजून सुटलेली नाही. लपवत नाही, एवढंच.

नाताळला येऊ नकोस. यायचंच असेल तर आधी बेकरीत जा आणि काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग. मग आमचं दार वाजव.

लोभ असावा, असं आज लिहवत नाही. तो होता, म्हणूनच एवढं लागलं.

रांगन्हिल्ड