टेकडीवरच्या टॉवरचं घड्याळ

२ मार्च
वादळ गेलं. लोसाही गेली. माझी थोरली बहीण! बाळ पोटातच राहिलं.

नर्स आमच्या गावात, लोसाचं सासर समोरच्या बेटावर. मध्ये एवढीशी खाडी — तीही पहाटे शांत झाली होती म्हणे. निरोप मिळाला असता तर नर्स निघाली असती. एमोसी, तिचा नवरा, एवढंच बोलतो — "फोन लागत नव्हता. नुसती खरखर." सकाळी त्याचा शेजारी होडी घेऊन नर्सला न्यायला आला, तोवर सगळं रक्त गेलं होतं.

मी मोबाइलच्या टॉवरची नोकरी करते. दुनियेचे फोन जोडून देते आणि माझ्या बहिणीचा लागत नाही. थू!

४ मार्च
आज मातीही झाली.

७ मार्च
लाबासाच्या ऑफिसातून धर्मेन साहेबांचा फोन. चाचरत बोलत होते.

"आकानिसी, आत्ता विचारू नये, पण तुझ्या गावचा टॉवर वादळापासून बेसूर झालाय. आजूबाजूचे सगळे बिघडवतोय. बघून येतेस?"

बेसूर म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. सगळे टॉवर आभाळातल्या उपग्रहांकडून वेळ घेतात. एकदम बोलतात, एकदम गप्प होऊन फोनवाल्यांचं ऐकतात. एकाचं घड्याळ डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आत चुकलं, तरी तो दुसऱ्याच्या ऐकायच्या वेळी बोंबलतो. आमची टेकडी तर थेट त्या बेटाच्या टॉवरसमोर. हा बोंबलत असेल तर त्या टॉवरला लोसाच्या घरचा फोन कुठून ऐकू जाणार?

साहेबांना म्हटलं, उद्याच बघते.

८ मार्च
टॉवरची राखण बाबांकडे. मला बघून खूश झाले — इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पुढे पुढे चालत होते.

टॉवरच्या खोलीच्या छपरावर उपग्रहांचा अँटेना असतो, पांढरा, अळंब्याएवढा. त्याच्यावर आईचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं उपडं घातलेलं! मासेमारीच्या दोरीने घट्ट आवळलेलं. होडी बांधतात तशी गाठ.

"मागच्या वादळात उडत्या पत्र्याने फुटला होता ना तो," बाबा म्हणाले. "म्हटलं, याला टोपी घालू. काही झालं का बघ त्याला! बरं केलं ना गं?"

"बरं केलंत बाबा."

दुसरं काय बोलणार? भांड्याखालून आभाळ कुठून दिसणार त्याला? घड्याळ काही तास आपल्या जिवावर चाललं आणि मग भरकटलं. एरवी भरकटलेला टॉवर आपण होऊन गप्प बसतो. पण वादळात लोकांना फोन लागावा म्हणून तो लगाम आम्हीच काढून ठेवतो. सगळ्यांनी चांगलंच करायला जायचं आणि व्हायचं हे!

पातेलं पिशवीत घातलं. घड्याळ लगेच ताळ्यावर आलं.

९ मार्च
बाबांना सांगायचं नाही. मेले तरी नाही.

११ मार्च
लोसा गेल्याची दहावी रात्र. सगळे बेटावर. बायका रिवाजाप्रमाणे दुखवट्याच्या चटया घेऊन आलेल्या. एमोसीची आत्या मला बघून मोठ्याने म्हणाली, "आल्या टॉवरवाल्या! जगाला हॅलो, आणि घरच्याला ठेंगा!"

मी चटया रचत राहिले, आणि मी ऐकून घेणारी बाई नव्हे. बाबा खाली बघून बसले होते. एमोसी तर भिंतीकडे तोंड करून.

१५ मार्च
बाबांनीच विचारलं. कसावाचे कंद सोलत होते.

"त्या पांढऱ्या अळंब्याला आभाळ दिसावं लागतं का गं?"

खोटं जिभेवर होतं, पण रेटलं नाही. "हो," म्हटलं.

"वाटलंच. आईचं पातेलं तू आईला दिलं नाहीस. लपवलंस."

मग मी खूप बडबडले. वादळात वीज गेली असेल, फोन भिजला असेल, न पोहोचलेल्या फोनची नोंदच नसते, कोण सांगणार का नाही लागला, कदाचित तसाही लागला नसता —

"कदाचित घेऊन मी काय करू?" बाबा म्हणाले. सुरी खाली ठेवली. "माझ्या हातची गाठ होती ती. माझ्या पोरीच्या गळ्याला बसली."

आजोबांकडून आलेला देवमाशाचा दात घेऊन — आमच्यात मोठी माफी त्यानेच मागतात — ते एमोसीकडे माफी मागायला जाणार. मी भांडले. "त्यांना काय कळतंय घड्याळातलं? कशाला आपण होऊन सांगायचं?"

"मला कळलं ना."

१६ मार्च
जेवले नाहीत. आईने कालवण पुढे केलं, ताट तसंच.

१८ मार्च
समुद्र खवळलेला. बोट नाही. बाबा दाताला खोबरेल चोळत बसलेत. माझा बाप चार दिवसांत म्हातारा झाला.

२० मार्च
जाऊन आलो. बाबा मांडी घालून, मान खाली, दोन्ही हातांवर दात धरून. त्यांच्या वतीने वेरेनिकी काका बोलले — पातेलं, गाठ, घड्याळ, सगळं. एमोसीने फक्त दाताला हात लावायचा होता, की माफी झाली. त्याने लावला नाही.

आमच्यात जावई सासऱ्याशी थेट बोलत नाही. एमोसी आज बोलला.

"बाबा, परत न्या तो. मी फोन केलाच नाही. आम्ही गडी यांगोनाची नशा करत बसलो होतो, फोन माझ्या खिशात होता. ती हाका मारत होती. मी म्हटलं, अजून वेळ आहे. सकाळी सगळे म्हणाले, फोन बंद आहेत. मग मीही तेच म्हणालो."

बाबांनी मान वर केली. त्याच्याकडे बघितलं. मग दात त्याच्या मांडीवर ठेवला आणि तेही थेटच बोलले —

"तरी घे."