नाडी मोजणारं घड्याळ

गुरुवार, संध्याकाळ

अरुणने शेवटी त्याची वाट लावलीच! बोट टेकवलं की नाडी मोजणारं माझं जुनं डिजिटल घड्याळ. घाटकोपरच्या दुकानात किती खेटे घालून मिळवलेलं. हा नवरा न विचारता ते घालून फिरायला गेला आणि घामाने सेन्सर गेला. दारातूनच म्हणतो, "अगं, माझे ठोकेच दिसत नाहीत!"

"मग बोलतंय कोण?"

बोट तरी काढायचं! तसंच दाबून उभा.

"आणि तुला नाडी कशाला मोजायची होती रे?"

घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मग हळूच म्हणाला, "आठवडाभर मधेच धडधडतंय."

आठवडाभर! बायकोला सोडून घड्याळाला विचारतो? उद्या सकाळी डॉक्टर, ठरलं.

मला डोळे पुसताना पाहून म्हणाला, "रडू नकोस ना, दुसरं शोधू."

घड्याळासाठीच रडतेय, असंच वाटू दे त्याला.