तालमीची फिल्म आणि माझी पट्टी

प्रिय दत्तूअण्णा,

काल धारूरच्या मंगल कार्यालयात तुमची फिल्म दाखवली. बीडच्या मोठ्या कार्यक्रमाआधी आपली तालीम चालली होती, तेव्हा लग्नाचं शूटिंग करणारा एक जण बोलावला होतात ना, त्याने काढलेली. कार्यक्रम राहिला, तुम्ही गेलात, तालीम तेवढी उरली. ती पाहिल्यापासून तुमच्याशी बोलायचं आहे. फोन लागणार नाही, म्हणून हे पत्र.

गर्दी बघायला हवी होती तुम्ही! ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टरवर तुमचीच गाणी लावणारी माणसं ती. तुम्ही बनियनवर, गळ्यात टॉवेल टाकून पडद्यावर आलात आणि शिट्ट्याच शिट्ट्या. वहिनी म्हणाल्या, "जरा शर्ट तरी घालायचा व्हता की ह्यांनी." सगळे हसले. मीही.

अठरा वर्षं तुमच्या मागे उभी राहून कोरस गायले. गाताना तुमचा चेहरा कसा होतो, हे काल पहिल्यांदा पाहिलं. डोळे किती घट्ट मिटता हो!

पण मला धाकधूक वेगळीच होती. आपलं भांडण त्यात असणार. होतंच! त्या शूटिंगवाल्या बाबाने काही म्हणजे काही कापलं नव्हतं. दोघांच्या त्या नव्या गाण्यात खालच्या सुरातली ओळ मला लागेना आणि तुम्ही थांबवत राहिलात. शेवटी मी माइक खाली ठेवला. "अण्णा, अठरा वर्सं तुमच्याच पट्टीत गातेय मी. माजा आवाज कुठं लागतो, इचारलं का कदी तुमी?" आणि चपला घालून चालती झाले. आणि काल हे सगळं सगळ्या गावासमोर! मान वर करवेना मला.

त्यानंतर पाचव्या दिवशी तुमच्या छातीत दुखलं आणि तासाभरात सगळं संपलं. मी मातीला आले, पण बोलायचं ते राहूनच गेलं. वर्षभर तोंडातून सूर काढला नाही. आपल्या गाण्याच्या पार्टीतली माणसं दोनदा घरी आली, दोनदा परत पाठवली.

मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर रागावूनच गेलात. का वाटू नये? पाच दिवसांत एक फोन नाही. मीही केला नाही म्हणा. हट्टाला आपण दोघंही सारखेच.

कॅमेरा मात्र चालूच होता. मी गेल्यावर तुम्ही बराच वेळ टॉवेलने तोंड पुसत बसलात. मग पेटीवाल्या काकांना म्हणालात, "काळी चार धरा. मंगलच्या पट्टीत."

"तुमाला लई वर जाईल, अण्णा."

"जाऊ द्या की. बघतो मी."

आणि गायलात! वरच्या सुराला आवाज फाटला. हसलात. पुन्हा धरलात, पुन्हा फाटला. किती वेळा, अण्णा! एवढं करायचं आणि मला एका शब्दाने सांगायचं नाही? हा राग मात्र माझ्याकडे राहील.

वहिनींनी माझा हात धरून ठेवला. मी पोटभर रडले. बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी केजला तुमच्या गाण्यांचा कार्यक्रम आहे. मी येते म्हणून सांगितलंय. ते नवं गाणं काळी चारमध्येच होईल, तुमच्या ओळी काका म्हणणार आहेत. स्टेजवर रडणार नाही, असं वचन मला देता येत नाही. पण गाणं संपेपर्यंत माइक खाली ठेवणार नाही, एवढं नक्की.

तुमची,
मंगल