बेस तुझा, हात तुझा

नारायणगाव,
८ एप्रिल २००५

प्रिय आरती,

पाकिटावरचं माझं नाव वाचून वहिनीचा, म्हणजे तुझ्या आईचा, हात थबकला असेल. तिला म्हणावं, खुशाल फोड आणि खुशाल वाच. कुणापासून लपवायचं असं यात काही नाही. उलट ओसरीत बसून मोठ्यानं वाचलंत तरी माझी हरकत नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण फोन मधेच ठेवून देता येतो. पत्र एकदा घरात आलं की ते शेवटपर्यंत वाचावंच लागतं.

तू बेस गिटार घ्यायचं म्हणतेस, हे कळलं. बारावीचे पेपर संपले त्याच दिवशी तू घरात हा विषय काढलास, तुझ्या बापानं ताट बाजूला सारलं, आणि तू दोन्ही वेळा जेवली नाहीस, हेही कळलं. जेवत जा. उपाशी पोटी बेस वाजत नाही, तो वजनाला जड असतो.

मी तुला शेवटचं बघितलं तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. त्यानंतर तुझ्या कानावर माझ्याबद्दल काय काय घातलं असेल, त्याचा मला अंदाज आहे. आत्या नवऱ्याला सोडून ऑर्केस्ट्रात गेली. हे खरं आहे, आणि मला त्याची लाज नाही. फक्त मधलं तुला कुणी सांगितलेलं नसेल. ते सांगते, कारण त्यातच तुला कोणता बेस घ्यावा याचं उत्तर आहे.

मी बेस पहिल्यांदा ऐकला तो कळंबच्या जत्रेत, ९५ साली. दुपारची वेळ, मंडपात माणूस नाही. जुन्नरच्या अकबरचाचांचा ऑर्केस्ट्रा आला होता आणि त्यांची पोरं वायरी जोडत होती. मी पाण्याची कळशी घेऊन मंडपामागून चालले होते. एकाएकी कळशीतलं पाणी थरथरलं, आणि माझ्या बरगड्यांत काहीतरी घुमलं. कानाला म्हणावं तर आवाज फारसा नव्हताच. आधी वाटलं ढोल असेल. आत डोकावून बघितलं तर एक वाळका माणूस लांब दांडीच्या गिटारीची जाड तार बोटानं ओढत होता. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "बेस. हे कुणाला ऐकू येत न्हाई, पण बंद केलं की गाणं भुईवरनं उचललं जातं." मी तिथंच कळशी खाली ठेवली. घरी पाणी उशिरा पोचलं, त्याबद्दल आईच्या शिव्या खाल्ल्या आणि त्याच दमात सांगून टाकलं, की मला ते वाजवायचंय.

आमचे अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, नको म्हणाले. का, ते तुला माहीत आहे. इकडं बाई वाद्याजवळ उभी राहिली की लोक लगेच तमाशाच्या फडाचं नाव घेतात. मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते, फडातल्या बाया जेवढे कष्ट करून उभ्या राहतात तेवढे या टीका करणाऱ्यांपैकी एकानंही केलेले नाहीत. त्यांच्या रांगेत मला बसवलंत तर मी मांडी घालून बसेन.

आता नीट वाच. त्या वेळी मला मोटरसायकलवर बसवून जुन्नरला कोण घेऊन गेलं असेल? तुझा बाप. सुदर्शनदादा. अण्णांना सांगितलं, अश्विनीला कॉलेजचं पुस्तक घ्यायचंय, आणि थेट अकबरचाचांच्या वाद्यांच्या दुकानापुढं गाडी लावली.

दुकान कसलं, चिंचोळी खोली. पेट्या, बेंजो, फुटलेले तबले, आणि भिंतीला दोन बेस. एक काळा, पाच तारांचा, भलामोठा, आरशासारखा चकचकीत. दुसरा तपकिरी, चार तारांचा, आखूड दांडीचा, कडेला रंग उडालेला. बाकड्यावर तिथलेच दोघं-तिघं वाजवणारे चहा पीत बसले होते. एक जण म्हणाला, "कीबोर्ड शीक ताई, बायांना ते शोभतं." दुसरा म्हणाला, "आन घेयाचाच आसंल तर तो बारका घे. पोरीबाळींचं खेळणं हाय ते." बस्स, माझं डोकं फिरलं. मी काळ्याकडं बोट केलं. दादा तर खूशच झाला. "घे, मोठाच घे. बघू दे की यांना!" चाचांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण आम्हा दोघा भावंडांपुढं कुणाचं चालणार होतं?

तो काळा बेस मी गणपतीपासून संक्रांतीपर्यंत ओढला. दांडी इतकी लांब की तिच्यावरच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या घराशी बोट न्यायचं तर खांदा निखळायचा. पाचवी तार कधी वाजवायचीच नव्हती, पण अंगठा रोज तिच्यात अडकायचा. वजनानं डावा खांदा उतरला. मनगट इतकं सुजलं की भाकरी थापता येईना. आई म्हणाली, "बघ, देवानं बाईचा हात त्याच्यासाठी केलाच न्हाई." आणि खरं सांगते आरती, दोन-चार दिवस मलाही तसंच वाटलं. मग लक्षात आलं, की बेस मी निवडलाच नव्हता. बाकड्यावरच्या त्या दोघांना उत्तर द्यायचं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघून तो उचलला होता. माझ्या हाताला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

मी तो चादरीत गुंडाळला आणि एकटी जीपनं जुन्नरला गेले. बाकड्यावर तीच मंडळी. "काय ताई, आलं का शानपन?" मी म्हटलं, "शहाणपण न्हाई आलं, हात दुखला. सरका जरा." चाचांच्या बायको, नूरजहाँचाची, आतल्या दारात लसूण सोलत होत्या. त्या हात पुसत बाहेर आल्या, माझा पंजा आपल्या पंजाला लावून बघितला आणि चाचांना म्हणाल्या, "इसको कोई कुछ मत बोलो. तिला बसू दे, डोळे मिटून वाजवू दे. मग ती सांगंल." मी तपकिरी बेस मांडीवर घेतला, डोळे मिटले, आणि माझी बोटं न ताणता घराघरांवर पडली. खेळणं म्हणणाऱ्याला मी तिथंच, आवाज चढवून, तीच एक जाड तार वाजवून दाखवली. त्याच्या हातातला कप बशीत वाजला. तोच माणूस पुढं सात वर्षं माझ्या शेजारी उभा राहून ढोलकी वाजवत होता, आणि आजही मला ताईच म्हणतो.

म्हणून तुला सांगते. चार तारांचाच घे. पाचवी पुढं कधी हवीशी वाटली तर तेव्हा बघ. रंगाकडं बघू नको, नावाकडं बघू नको. आधी खुर्चीत बसून मांडीवर घे, मग पट्टा लावून उभी राहा आणि दोन्ही हात सोड. दांडी आपोआप जमिनीकडं कलायला लागली तर तो परत दे, नाहीतर डावा हात वाजवायचा सोडून तिला सावरतच बसेल. दांडी डोळ्यासमोर धरून सुतार फळी बघतो तशी बघ, वाकलेली नको. तारा दांडीपासून फार उंच असतील तर बोटं सोलून निघतील, फार खाली असतील तर खरखरतील. प्रत्येक घरावर बोट ठेवून एकेक सूर वाजव. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. वायर जोडून बटणं फिरव, करकर आली तर विचार का आली म्हणून. आणि वायर काढूनही वाजव, लाकूड पोटाशी घुमलं पाहिजे. आखूड दांडी तुझ्या हाताला बसली तर आखूड घे, लांब बसली तर लांब. कुणी आखुडाला बायकी म्हटलं म्हणून लांब घेऊ नको, आणि कुणी लांब झेपणार नाही म्हटलं म्हणून आखूड घेऊ नको. त्यांचं ऐकणं आणि त्यांच्या उलट वागणं, दोन्हीत तेच तुझ्या डोक्यात बसलेले असतात.

आता खोडदचं, माझ्या सासरचं सांगते. ९७ ला माझं लग्न झालं. बघायला आले तेव्हा म्हणाले, छंद आहे, असू दे, आम्ही काय जुन्या वळणाचे नाही. घर चांगलं होतं, द्राक्षाची बाग होती, मागच्या दारातून रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड तबकड्या दिसायच्या. पहिल्या महिन्यात बेस माळ्यावर गेला. मी उतरवला. परत गेला, परत उतरवला. असं वर्षभर चाललं. एके दिवशी मी माळ्यावर हात घातला तर बेसला तारा नव्हत्या. चारही नव्हत्या. संध्याकाळी बागेत गेले, तर मंडपाचा कोपऱ्यातला खांब माझ्या तारांनी बांधला होता. नवरा हसून म्हणाला, "एवढं काय? तार ती तार." त्यानं मला कधी मारलं नाही, शिवीगाळ केली नाही, हेही लिहिते, नाहीतर खोटं होईल. पण त्या खांबाकडं बघताना मला कळलं, की या घरात मी कोण आहे हे कुणाला माहीतच नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी दादाला बोलावणं गेलं. मला वाटलं, न्यायला आला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हिला मी समजावतो. त्यो लाकडाचा तुकडा मी घिऊन जातो, मग भांडणच मिटलं." मी म्हटलं, "दादा, तूच मला जुन्नरला नेलं व्हतंस." तो खाली बघून म्हणाला, "तवा तू पोर व्हतीस. आता सून हायेस." आरती, नवऱ्याचं बोलणं मी विसरले आहे. हे विसरले नाही. मी तो बिनतारांचा बेस उचलला आणि त्या सगळ्या माणसांच्या मधून चालत वाटेला लागले. जीप मिळेपर्यंत नारायणगावची निम्मी वाट चालून झाली होती. मागून दादा ओरडला, की आता कळंबचं दार बंद समज. मी मागं वळून बघितलं नाही. दार त्यानं बंद केलं, मी कधी वाजवलं नाही.

चाचीनं मला पंधरा दिवस घरी ठेवून घेतलं. मग नारायणगावात खोली केली. दिवसा कापडाच्या दुकानात असते, हंगामात चाचांच्या ऑर्केस्ट्राबरोबर लग्नं, जत्रा, गणपती. मला पोरकं समजून कुणी डोळे पुसू नयेत. माझं चांगलं चाललंय. माझ्याकडं चार पोरी शिकायला येतात. त्यातल्या एकीचा बाप रोज दाराबाहेर चपलांशी उभा राहतो, आत येत नाही, पण पाय ताल धरतो.

आता हे सगळं आजच का लिहिलं, ते सांगते. परवा दुकानात फोन आला. पलीकडून, "सुदर्शन बोलतोय," असं म्हणाला, जणू मी ओळखणार नव्हते. मग म्हणाला, "पोरगी जेवत न्हाई. घेऊन देतो म्हणलं तर कंचा घेयाचा ते मला कळत न्हाई. चार तारांचा का पाच? तुझ्याबिगर इचारू कुणाला?" सात वर्षांनी भावानं तोंड उघडलं ते तारांच्या हिशेबासाठी. आणि शेवटी काय म्हणाला माहीत आहे? "मी इचारलं हे पोरीला सांगू नको. घरात नाव नको." मी सांगितलं, माझं नाव वगळून माझं ज्ञान मिळणार नाही. त्यावर त्यानं फोन ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. म्हणून हे पत्र उघड लिहिलंय, तुझ्या नावानं, त्याच्या पत्त्यावर. तुझा बाप कबूल झालेला आहे, पोरी, त्याला फक्त ते तोंडानं म्हणता येत नाही. पुढच्या रविवारी सकाळी मी कळंबला उतरते. माझा बेस खांद्यावर असेल, चादरीत न गुंडाळता, आणि मी गावातून चालत पुढच्या दारानं येईन. तू तयार राहा, आपण चाचांकडं जाऊ. दादाला यायचं असेल तर येऊ दे, पण दुकानात तो बाकड्यावर बसेल आणि एक शब्द बोलणार नाही. वहिनी विचारील, त्याला माफ केलं का म्हणून. सांग, अजून नाही. आधी त्यानं दार उघडावं, आणि तेही शेजारीपाजारी बघत असताना.

तुझीच, आणि तुझ्या बापाची सख्खी बहीण,
अश्विनीआत्या