ठाण्यातला नकाशा

तीर्थरूप मोठ्या भाऊजींना घरातल्या धाकट्या सुनेचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचं पार्सल पोचलं. घोंगडी, यांचा सदरा, देवाचा अंगारा, सगळं नीट आहे. हमालाने दोन रुपये घेतले. मी बरी आहे. देवळाच्या ओवरीत जागा मिळाली, एक वेळ जेवते.

गुहा मोजायला आलेले परदेशी, ज्यांच्याकडे हे कामाला होते, डब्यांतून गुपचूप काहीतरी नेतात, हेर असतील, असं यांनी पत्रात गमतीने लिहिलं होतं. ते मीच तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही देशाच्या काळजीने तक्रार केलीत, तुमच्यावर राग नाही. डब्यांत वटवाघळांच्या लेंड्या निघाल्या.

पण पोलिसांनी त्या लोकांना बाहेर धरलं, तेव्हा हे एकटेच आत दोर गोळा करत होते. आज नववा दिवस. आत वाटांचं जाळं आहे, नकाशाशिवाय कोणी उतरत नाही, आणि त्या लोकांचा नकाशा जप्त होऊन पोलीस ठाण्यात सीलबंद आहे. साहेब म्हणतात, "बाई, तक्रार मागे घेतल्याचा सहीचा कागद आणा, लगेच सील तोडतो." तारेने सही येत नाही.

सासूबाईंना काम लांबलं एवढंच सांगा. त्यांच्या गुडघ्याला तेल लावता ना?

नऊ दिवसांनी काय हाती येईल, ते मला कळतं, भाऊजी. तरी सदरा उशाशी घडी करून ठेवलाय. जसे मिळतील तसे, तो मीच त्यांच्या अंगात घालीन.

सहीचा कागद उलट टपाली पाठवा.